सांगलीत राहूनच नोकरी बदलायची असेल तर : जॉब पोर्टल की प्लेसमेंट कन्सल्टंट?

फाउंड्रीच्या क्वालिटी विभागातून दुसऱ्या कंपनीत जाताना मी ऑनलाइन जॉब पोर्टल आणि स्थानिक प्लेसमेंट कन्सल्टंट हे दोन्ही मार्ग वापरले. त्यामुळे पुढील मत त्या क्षेत्रापुरतेच समजावे.

पोर्टलचा आवाका मोठा आहे, यात वाद नाही. केंद्र सरकारचे २०१५ पासूनचे नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचे महास्वयम या दोन्हींवर उमेदवाराला नोंदणी मोफत करता येते. पुण्याला किंवा बंगळुरूला जाण्याची तयारी असलेल्यांनी, विशेषतः आयटीतल्या मंडळींनी, पोर्टललाच प्राधान्य द्यावे.

अडचण होते ती ज्याला गाव सोडायचे नाही त्याची. पसंतीचे ठिकाण म्हणून सांगली असे स्पष्ट भरलेले असूनही मला एका खासगी पोर्टलवरून फोन येत ते चाकण-रांजणगावच्या जागांसाठी, नाहीतर विमा विकण्यासाठी, आणि तेही ऐन शिफ्टमध्ये. समोरची व्यक्ती कंपनीचे नाव सांगत नसे. सध्याचा पगार, अपेक्षित पगार आणि नोटीस पिरियड विचारून फोन ठेवी, आणि दुपारी बहुधा त्याच जागेसाठी दुसऱ्या एजन्सीकडून तीच उजळणी पुन्हा सुरू होई. प्रोफाइल अपडेट केले की फोनचा भडिमार, न केले की शुकशुकाट. या एका त्रासानेच माझा कल ठरला.

कन्सल्टंटकडे जागा मोजक्याच असतात. मात्र कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतले अनेक लहान कारखाने पोर्टलवर जाहिरात देतच नाहीत, ओळखीतून किंवा अशा कन्सल्टंटमार्फत माणूस घेतात. पहिल्याच भेटीत मला पीपॅपबद्दल, म्हणजे सुटा भाग ग्राहक कंपनीकडून मंजूर करून घेण्याच्या कागदपत्रांबद्दल, विचारले गेले, "पीपॅपची फाइल तुम्ही स्वतः तयार केली आहे, की नुसत्या सह्या केल्या आहेत?" दुसरा प्रश्न होता, रात्रपाळी सुटल्यावर घरी कसे जाणार? पोर्टलच्या कोणत्याही रकान्यात हे नव्हते. मुलाखतीत मात्र नेमके हेच निघाले.

अर्थात, सगळेच कन्सल्टंट सारखे नसतात. नोंदणीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नये. पहिल्या पगारातला हिस्सा मागणारेही आहेत, तो आधी लेखी ठरवून घ्यावा. कमिशन कंपनीकडून घेणारा मिळाला तर, माझ्या मते, अनुभवी उमेदवाराने सुरुवात त्याच्याकडूनच करावी. पोर्टलवरचे प्रोफाइल मीही बंद केलेले नाही. फक्त त्यावर आता दुसऱ्या सिमचा नंबर आहे.