गावाचं शूटिंग: खानापूरचं रान, गोकाकचा माळ की चंदगडची हद्द?

पुण्याहून फोन येतो तो साधारण असा: "कौलारू घरं हवीत, नदी हवी, एक पडका वाडा हवा, 25 दिवसांचं शेड्यूल आहे. बेळगावकडं काही मिळेल का?" मिळेल की. न मिळण्याची अडचण इथं कधीच नव्हती. इतकं मिळतं की दिग्दर्शक तीन दिवसांच्या रेकीत (म्हणजे जागा बघायच्या फेरीत) प्रेमात पडतो आणि प्रॉडक्शन पुढचे 25 दिवस ते निस्तरत बसतं. पश्चिमेला 50 किलोमीटरवर कणकुंबीत पाऊस नुसता कोसळतो, पूर्वेला 60 किलोमीटरवर गोकाकची काळी माती त्याच पावसाची वाट बघत असते. दोन्हीकडं दिवसात जाऊन येता येतं, म्हणून "थोडं इकडं, थोडं तिकडं करू" असं ठरतं. युनिट हलवायला अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाचं भाडं वाड्याच्या भाड्यापेक्षा जास्त असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गोष्ट मराठी खेड्याची आणि संवादांची असेल तर खानापूर. तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि शक्यतो जांबोटीच्या अलीकडं. उघडं आभाळ, लांब रस्ता, तहानलेली जमीन हवी असेल तर गोकाक-हुक्केरी. कर्नाटकातल्या कागदपत्रांची धास्ती असेल तर सरळ हद्द ओलांडून महाराष्ट्रातलं चंदगड.

खानापूर

इथली माती लाल, दगड जांभा, घरावर कौलं, मागं काजू आणि पुढं भात. कोकण आणि देश यांच्या मधलं असं काहीतरी. हलशी, नंदगड या पट्ट्यात गल्लीच्या गल्ली कॅमेऱ्याला चालेल अशी आहे. हलशी ही कदंबांची जुनी राजधानी. तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं. देऊळ फ्रेममध्ये घ्यायचं तर पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाचा रस्ता धरावा लागतो आणि तो रस्ता लांबचा आहे. पुजारी हो म्हणाला, पंच हो म्हणाले, याला तिथं काही अर्थ नाही. देऊळ नाही मिळालं तरी चालेल अशीच पटकथा घेऊन या.

खानापूरचा खरा फायदा माणसांचा. ज्युनियर आर्टिस्ट म्हणून उभा केलेला म्हातारा एखादं वाक्य सहज बोलून जातो. पण ती भाषा कोल्हापूरची नव्हे. "काय करूलाल्यात ओ हे?" असं मागून कुणी म्हणालं आणि नायक मात्र पंचगंगेच्या काठचा असला, तर जाणकार प्रेक्षक हसतो. एक तर गोष्टच इकडची करा, नाहीतर गर्दी मुकी ठेवा.

वाड्याचं सांगतो. त्याच पट्ट्यातल्या एका गावात दोन चौकांचा, सागवानी खांबांचा वाडा सापडला होता. आजी एकट्याच राहायच्या. "घ्या की ओ, तसाबी पडूनच हाय," म्हणाल्या. करार झाला, निम्मे पैसे हातात दिले. तिसऱ्या दिवशी दुपारी शॉट चालू असताना त्यांचा पुतण्या आला. भांडला नाही, ओरडला नाही. मधल्या चौकाच्या दाराला शांतपणे कुलूप लावलं आणि जोत्यावर बसून राहिला. आत आमचे तीन लाइट आणि नायिकेचं नेसायचं लुगडं. कागदावर पाच नावं होती आणि मी एकाच सहीवर निघालो होतो. चूक माझीच. तेव्हापासून जमीन असेल तर पहाणी (आपल्याकडचा सातबारा म्हणा) आणि गावठाणातलं घर असेल तर पंचायतीचा उतारा, दोन्ही हातात आल्याशिवाय डीओपीला (मुख्य कॅमेरामनला) मी वाडा दाखवतच नाही. एकदा त्याला आवडला की मग मालकाचे आकडे वाढतात.

परवानगीचं पत्र पंचायतीच्या पीडीओकडून (पंचायत विकास अधिकाऱ्याकडून) घ्यायचं. इंग्रजी अर्ज चालतो, पण कन्नडमधला लवकर सरकतो. सोबत कन्नड लिहिता-वाचता येणारा एक माणूस हवाच. नुसतं बोलता येऊन भागत नाही.

जांबोटीच्या पुढं गेलात की गणित बदलतं. 2011 साली जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य त्या बाजूला आहे. आत चित्रीकरण करायचं तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी, आणि जंगलात काही बदलता येत नाही. म्हणजे फांदी छाटणं नाही, धूर नाही, सेट नाही. अभयारण्याबाहेरचं बरंचसं रानही वनखात्याचंच असतं, तेव्हा "हे तर नुसतं झाडीचं आहे" या भरवशावर ट्रायपॉड लावू नका. मोबाइलची रेंज जाते. हिवाळ्यात झाडाखालचा उजेड साडेचारलाच सरतो. शेड्यूलवर सहा लिहिलेलं असतं.

पावसाळ्यात हा भाग डोळ्यांचं पारणं फेडतो, म्हणून लोक जुलैत रेकीला येतात आणि जुलैतच शूट करायचं म्हणतात. गोठ्यावर पत्रा असतो. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की सिंक साउंड (शॉट चालू असतानाच घेतलेला आवाज) विसरा, शेजारी उभा असलेला माणूस काय म्हणतोय तेही ऐकू येत नाही. डबिंगचं बजेट असेल तरच या.

गोकाक-हुक्केरी

बेळगाव सोडून पूर्वेला लागलं की तासाभरात घरांची कौलं जातात आणि सपाट माळवदाची घरं सुरू होतात. माती काळी, झाड एकटंदुकटं, आणि उजेड शेवटच्या मिनिटापर्यंत तुमचा. कॅमेरामनला विचाराल तर तो हेच सांगेल. साउंडवाल्याला विचाराल तर हात जोडेल.

कारण ऊस. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरवर भलेमोठे स्पीकर, दिवसरात्र. रस्ता दोन मिनिटं थांबवा म्हटलं तर चालक थांबतोही बिचारा, पण गाणं बंद करत नाही. दुसरी गोची याहून वाईट. ऑक्टोबरमध्ये रेकीला आलात तेव्हा पुरुषभर उंचीचा ऊस उभा होता, त्यातून नायक पळणार होता. जानेवारीत येऊन बघता तर पाचट जाळलेलं मोकळं रान. शेतकरी तुमच्यासाठी तोड थांबवणार नाही. त्याची तोड ऊसतोड टोळीच्या हातात असते. उसाचा सीन असेल तर तो शेड्यूलच्या पहिल्या दिवशी घ्या.

गोकाकचा धबधबा सगळ्यांनाच हवा असतो. घटप्रभा तिथं सुमारे 52 मीटर खाली उडी घेते, वर झुलता पूल, काठाला 1887 पासूनची जुनी गिरणी. पावसाळ्यात अंगावर येतो. मार्चमध्ये मात्र उघडा खडक आणि कडेला एक बारीक धार. कडा तेव्हाही देखणा असतो; फक्त पोस्टरसाठी पाणी हवं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर सोडून दुसरा महिना धरू नका. तिथं संवादाचा सीन लिहिणाऱ्याला मी आधी पुलाजवळ उभं करतो. पाण्याच्या त्या आवाजात तो स्वतःच पानं फाडतो.

माझ्या आवडीचं या बाजूला एकच ठिकाण: हिडकल धरणात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दगडी देऊळ हळूहळू वर येतं. आधी शिखर, मग भिंती, मग पायाजवळचा भेगाळलेला गाळ. तिथं चार दिवसांचा सीन लावलात तर चारही दिवस पाण्याची रेघ वेगळी दिसते, शॉटमागून शॉट जुळतोय का ते बघणारा कंटिन्युइटीवाला रडकुंडीला येतो. एकाच दिवसात उरकेल असं काही लिहा, त्यासारखी जागा नाही.

इथं बोली कन्नड. मराठी संवाद बोलणारी गर्दी हवी असेल तर ती निपाणी-चिकोडीकडून आणावी लागेल, जेवणाखाण्यासकट.

चंदगड

खानापूरसारखंच दिसणारं, बेळगावहून 40 किलोमीटरच्या आत, पण कोल्हापूर जिल्ह्यात. पारगड, कलानिधीगड, महिपालगड यांच्या पायथ्याची गावं अजून फारशी पडद्यावर झिजलेली नाहीत. पत्र ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक), मराठीत. सरकारी जागेसाठी महाराष्ट्राची एक खिडकी योजना आहे. मागच्या फलकांवर मराठी असते, गाडीवर एमएच-09. हे क्षुल्लक वाटतं ना? खानापुरात दुकानांचे फलक, विजेचे खांब, बसच्या पाट्या सगळं कन्नड, आणि गाड्या केए-22. साताऱ्याकडचं गाव म्हणून दाखवायचं असेल तर आर्टच्या पोरांना रोज सकाळी तास दीड तास झाकाझाकीत जातो.

तोटा एवढाच की राहायची सोय शेवटी बेळगावातच करावी लागते. म्हणजे युनिट रोज हद्द ओलांडणार. व्हॅनिटी आणि भाड्याच्या गाड्यांचा कर्नाटकचा परमिट, टॅक्स आधी बघून ठेवा. जनरेटर आणि लाइट बहुधा कोल्हापूरहूनच येतात, त्यांना चंदगड किंवा खानापूर सारखंच.

शहर आणि कॅलेंडर

बेळगावचा किल्ला, कमल बस्ती, कॅम्पातले बंगले दिसायला छान आणि मागायला अवघड. निम्म्या ठिकाणी पुरातत्त्व खातं, निम्म्या ठिकाणी लष्कर. सांब्र्याला विमानतळ आणि हवाई दल असल्यामुळं ड्रोनचंही तेच. ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा बघितल्याशिवाय पेटी उघडू नये. शहराचा सीन असेल तर जुन्या गल्ल्या घ्या, तिथं फक्त पार्किंगचं भांडण असतं.

तारखा मात्र लिहून घ्या. 1 नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन एकाच शहरात असतात, 17 जानेवारीला सीमालढ्याचा हुतात्मा दिन. त्या दिवशी मराठी पाट्यांच्या व्हॅन रस्त्यावर नकोत, बंदोबस्तही मिळणार नाही. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं, तेव्हा हॉटेलात खोली नाही आणि ठाण्यात माणूस नाही. 2022 च्या डिसेंबरात हद्द तापली तेव्हा दोन्हीकडच्या बस बंद होत्या. चंदगडला शूट आणि बेळगावला मुक्काम असलेल्याचं अशा वेळी काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आणि तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखीच: फ्रेममध्ये जनावर असेल, अगदी गोठ्यातली म्हैस, तरी केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते. गावकरी हसतात. सेन्सॉरला जाताना हसू येत नाही.

रेकीला डीओपी सगळेच आणतात. साउंडवाल्यालाही आणा, गाडीत मागं एक जागा असतेच.