काळा धूर, ‘गेलेला’ टर्बो आणि माझे 39,000 रुपये

जुनी डिझेल टर्बो गाडी, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा (टर्बो) असलेली गाडी, ज्यांच्याकडे आहे त्या सगळ्यांनी हे वाचा. लिहायची लाज वाटते, पण त्या गॅरेजसमोर आजही गाड्या उभ्या दिसतात, म्हणून लिहितो.

ऐन कापूस वेचणीत गाडी ओढेनाशी झाली. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकायची, मागे काळा धूर, आणि रेस दिली की बोनेटमधून ‘सूऽऽ’ असा आवाज. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी यवतमाळला न्यावं लागतं. गाडी एक दिवसही उभी ठेवता येत नाही, हे मी मेकॅनिकला पहिल्याच मिनिटाला सांगून बसलो. आपली अडचण असल्या माणसाला कधी सांगू नका.

त्याने टर्बोकडे जाणारा पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि ते तेलकट बोट माझ्यासमोर धरलं. “भाऊ, टर्बो गेला तुमचा. असाच चालवसान तं इंजन बसन.”

मी आवाजाचं दोनदा विचारलं. “तोच तं टर्बो बोंबलून राह्यला,” म्हणाला.

इथेच मी बोलायला हवं होतं. पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवतो मी. हवा कुठून फुटते हे कानाला कळतं मला, आणि तेव्हाही कळलं होतं. तरी गप्प बसलो. इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ सोडणाऱ्या नळीतून, ऑइलची वाफ त्या पाइपात येतच असते, हलका तेलकटपणा चांगल्या गाडीतही सापडतो. टर्बोचं सील जाऊन ऑइल जळायला लागलं तर धूर निळसर येतो. माझा काळा होता. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. ही हवा फिल्टरमधून आत येते, सेन्सर तिचं माप घेतो, टर्बो तिला दाबतो, इंटरकूलर थंड करतो आणि रबरी होजमधून (नळीतून) ती इंजिनात जाते. माप झाल्यावर होज फाटून ती बाहेर पडली, तरी डिझेल त्याच मापाने सुटत राहतं. मग काळा धूर, ताकद नाही आणि सूऽऽ. धूर कोणत्या रंगाचा, हे गॅरेजला जाण्याआधी स्वतः बघा.

टर्बो 28,500. मजुरी 4,500. ऑइल आणि फिल्टर 3,200. ‘इंटेक सफाई’ 2,800. एकूण 39,000. साडेसहा हजारांच्या भावाने विकलेला बरोबर सहा क्विंटल कापूस, वेचणीचे किलोला 10 रुपये मोजलेला. बिल पांढऱ्या चिठ्ठीवर. “पक्कं केलं तं जीएसटी लागन.” मी 20,000 फोनवरून दिले, 19,000 रोख. जुना टर्बो मागितला, तर तो कंपनीत एक्सचेंजला गेला म्हणे, त्याच दुपारी! आणि मी ते ऐकून घेतलं. जुना सुटा भाग हातात आल्याशिवाय पैसे काढू नका, काहीही झालं तरी.

बारा दिवस गाडी पळाली. तेराव्या दिवशी आई मागच्या सीटवर, आणि पुन्हा तोच काळा धूर.

आमच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक पोरगा आहे. त्याने मला रेस द्यायला लावली आणि होज मुठीत धरून हात सरकवत नेला. खालच्या बाजूला थांबला. “काका, हात लावा इथं.” हवा बोटांना लागत होती. होज पट्टीला घासून चार बोटं फाटला होता आणि त्यावर काळी टेप गुंडाळलेली, सुटून लोंबणारी. म्हणजे दोष त्या गॅरेजवाल्याला माहीत होता! मग पोराने टर्बोखाली टॉर्च मारला. वरून चंदेरी स्प्रे, खालच्या बोल्टांवर आमच्या वावरातली काळी माती वाळून चिकटलेली, गंज तसाच. पान्याची एक खूण नाही. “टर्बो काई बदलवलाच नाही, काका.”

होज 1,150 रुपये, दोन क्लिपा 120.

माझी चूक झाली, मान्य. पण दवाखान्याची तारीख डोक्यावर असताना दुसऱ्या मेकॅनिककडे जायला किती जणांना सुचतं?

गॅरेजवाला म्हणाला, टेप तुम्हीच लावली असेल. ठाण्यात गेलो. दोन तास बाकावर बसवलं आणि “हा दिवाणी मामला आहे” म्हणून परत पाठवलं. न केलेल्या कामाचे पैसे घेणं फसवणूक नाही? पूर्वी 420 होतं, आता न्याय संहितेत 318 आहे, हे मी त्यांना सांगितलं. साहेब बंदोबस्ताला, सोमवारी या. सोमवारी गेलो, तर गुरुवारी. गुरुवारी साहेबांनी विचारलं, “पक्कं बिल कुठाय?” परिवहनवाले म्हणाले, खासगी गॅरेज आमच्याकडे येत नाही. तालुक्याला चार चकरा, दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि अर्जावर पोच देखील नाही. चोर गॅरेजमध्ये बसतो, पुरावे मी गोळा करायचे!

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं. 20,000 ची फोनवरची नोंद तेवढी हाताशी आहे, रोख दिलेल्या 19,000 चा कागद नाही. रोख देऊ नका.

टेपसकट फाटका होज पिशवीत बांधून ठेवला आहे. कुणाकडे टर्बोची अशीच पांढरी चिठ्ठी असेल तर ती फेकू नका. आजच टॉर्च लावून खालचे बोल्ट बघा, मातीसकट फोटो काढा, आणि मला सांगा.