गोव्यात गिटार करायला शिकले, त्याबद्दल

मी मिरजेत दातांची डॉक्टर आहे. दवाखान्यापासून सतारमेकर गल्ली चालत सात मिनिटांवर आहे. तंबोऱ्याचे भोपळे लहानपणापासून बघत आले, पण पटाशी कधी हातात धरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी कॉलेजपासूनची गिटार दिवसभर गाडीत राहिली. संध्याकाळी पेटी उघडली तर ब्रिज, म्हणजे तारा जिला अडकवतात ती लाकडी पट्टी, मागच्या बाजूनं उचकटलेला. दुकानात नेली तर म्हणाले, नवी घ्या. असं का झालं ते कुणी सांगेना. ते कळावं म्हणून मी गेल्या जुलैत तीन आठवडे दवाखाना बंद ठेवला आणि बार्देशातल्या एका गावी गिटार करायच्या वर्गाला गेले.

आम्ही चौघं होतो. कुडाळचा एक फर्निचरवाला मुलगा, नौदलातून निवृत्त झालेले एक काका, हैदराबादची एक मुलगी आणि मी. शिकवणाऱ्यांना सगळे ‘मेस्त’ म्हणतात. गोव्यात कसबी माणसाला मेस्तच म्हणतात. आपला मिस्त्री आणि हा मेस्त एकाच पोर्तुगीज शब्दातून आले. फी लाकडासकट 85 हजार, राहणं-जेवण वेगळं. हातात काय येतं? स्टीलच्या तारांची, 645 मिलिमीटर स्केलची (स्केल म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) एक गिटार, पूर्ण स्वतःच्या हातची.

माझी मोडकी गिटार मी बरोबर नेली होती. मेस्तनी पहिल्याच दिवशी पातळ पातं गरम करून ब्रिज सगळा सोडवला आणि खालची जागा दाखवली. ब्रिजच्या कडेखाली चारही बाजूंनी वॉर्निश तसंच होतं. लाकडाला लाकूड चिकटलंच नव्हतं, निम्मा सरस वॉर्निशवर बसला होता. त्यात बंद गाडीतली उष्णता, सरस मऊ पडलेला, आणि सहा तारांची मिळून सत्तर किलोच्या वर ओढ. ज्या प्रश्नासाठी गेले होते त्याचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं. पुढचे तीन आठवडे त्या पाच मिनिटांनी लावलेल्या ओढीवर गेले.

टॉपला, म्हणजे पुढच्या फळीला, उत्तर अमेरिकेतलं स्प्रूसचं लाकूड, मागं आणि बाजूंना शिसव. ही शिसव आपल्या सह्याद्रीतली. ब्राझीलचं रोजवुड मिळेनासं झाल्यावर अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनं 1969 मध्ये आपल्या गिटारींना भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली, आणि आज जगभरचे लोक तिच्यासाठी मोठे पैसे मोजतात. आमच्याकडे त्याच लाकडाची कपाटं होती. वर्गात ती रंधली तेव्हा आजीच्या खोलीचा वास आला.

बाजूच्या पट्ट्या दोन मिलिमीटर जाडीच्या करून, ओल्या करून तापलेल्या पाइपवर वाकवायच्या असतात. लाकूड कडक असेपर्यंत नुसतं दाबून धरायचं, मग एका क्षणी ते मेणासारखं सैल होतं आणि हाताखालून जातं. त्या क्षणाच्या आधी जोर लावला की संपलं. माझी पहिली पट्टी कमरेच्या वळणावर तडकली. मेस्तनी दुसरी दिली, जादा पैसे घेतले नाहीत. ही गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण फी भरताना मला तीच भीती होती.

या वर्गाचं खरं मोल मात्र टॉपच्या आतल्या पट्ट्यांत आहे. टॉपची फळी जेमतेम पावणेतीन मिलिमीटरची. तिला आतून फुलीच्या आकारात स्प्रूसच्या पट्ट्या चिकटवतात. पट्ट्या जाड ठेवल्या तर गिटार शंभर वर्षं टिकेल, पण मुकी राहील. फार तासल्या तर छान वाजेल आणि वर्षभरात टॉप खचेल. हे सगळं पुस्तकातही लिहिलेलं असतं, पण कुठं थांबायचं ते लिहिलेलं नसतं. मेस्त फळी दोन बोटांत एका ठरावीक जागी धरायचे, दुसऱ्या हाताच्या पेरानं मध्यावर वाजवायचे आणि म्हणायचे, "आयकात, डॉक्टर." आधी नुसतं टक्, कपाटाच्या दारासारखं. मग मी पटाशीनं पट्टीच्या टोकाकडून कागदाएवढी साल काढायची, पुन्हा वाजवायचं. दीड दिवस हेच चाललं. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी त्या टकच्या मागं काहीतरी रेंगाळायला लागलं, तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टिचकी मारल्यावर राहतं तसं. अंगावर काटा आला. मी अजून थोडं काढायला पटाशी टेकवली आणि मेस्त म्हणाले, "पुरो."

कोकणीत पुरो म्हणजे बस्स. दात कोरतानाही हेच असतं, किडलेलं सगळं काढायचं आणि चांगल्याला हात लावायचा नाही. वीस वर्षं मी ते बोटांनी करते. कानानं करायला पहिल्यांदा शिकले.

टॉपला एवढं महत्त्व का, हे सांगताना मेस्तनी स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसची गोष्ट सांगितली. त्यानं 1862 मध्ये कागदाच्या लगद्याची पाठ आणि बाजू करून वर फक्त उत्तम लाकडाचा टॉप बसवला, आवाज कुठून येतो हे दाखवायला. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

मान बसवताना माझी एक सवय उपयोगी पडली. सांधा कुठं घासतो हे बघायला मेस्त खडू लावतात. दाताची टोपी उंच लागते का ते बघायला आम्ही पातळ निळा कागद चाववतो. त्याचं एक पुडकं माझ्या पर्समध्ये होतं. तो कागद सांध्यात धरून ओढला की उंच जागेवर निळा ठिपका उमटायचा. तेवढाच ठिपका खरवडायचा, पुन्हा कागद. चौथ्या फेरीत दोन्ही गालांवर सारखा निळा आला. मेस्तनी पुडकं ठेवून घेतलं.

फ्रेटबद्दल एक सांगते. सतारीचे पडदे बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारीचे ठोकलेले. स्केलला 17.817 नं भागायचं, आमच्या गिटारीत पहिला फ्रेट 36.2 मिलिमीटरवर, उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानंच भागायचं. इथं चूक झाली की ती गिटारीच्या आयुष्यभराची.

आता तक्रारी. पहिली धुळीची. शिसवीच्या धुळीनं त्वचेला आणि श्वासाला ॲलर्जी होऊ शकते, आणि वर्गात कापडी मास्क देत होते. हैदराबादच्या मुलीच्या मनगटांवर चौथ्या दिवशी पुरळ आलं. मी म्हापशातून सगळ्यांसाठी चांगले मास्क आणले. हे काम शिकणाऱ्याचं नव्हे.

दुसरी तक्रार मोठी आहे. गिटार चिकटवताना खोलीतली आर्द्रता 45 ते 50 टक्के लागते. दमट हवेत फुगलेलं लाकूड चिकटवलं आणि गिटार मिरजेच्या एप्रिलात आली, की फळी आकसून चिरते. हवा कोरडी करायचं यंत्र होतं, पण रात्री वीज गेली की ते बंद. दोनदा सकाळी काटा सत्तरच्या वर होता आणि दिवसभर काही चिकटवता आलं नाही. मेस्तनी घाई केली नाही, हे त्यांचं मोठेपण. पण ते दोन दिवस शेवटून कापले गेले. नट आणि सॅडल (तारा दोन टोकांना ज्यांवर टेकतात त्या पट्ट्या), तारांची उंची हे सगळं एका दुपारी उरकलं, आणि मला तेच नीट शिकायचं होतं. पावसाळ्यात वर्ग घ्यायचा तर इन्व्हर्टर हवाच.

घरी आल्यावर गिटार सतारमेकर गल्लीत एका जुन्या कारागिरांना दाखवली. चाचांनी तार छेडलीच नाही. आधी टॉपवर नखानं चार जागी वाजवलं. मग सॅडल बघून म्हणाले, "जवारी नाही हिला?" सतारीच्या घोडीवर तार घासत जाते म्हणून तो झणकार येतो, गिटारीत तार सॅडलवरून स्वच्छ सुटावी लागते, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली, टॉपच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर पुन्हा नख वाजवलं आणि म्हणाले, "बेटी, इथं अजून थोडं निघालं असतं." आतली ती पट्टी मी मुद्दाम जाड ठेवली होती. मेस्तनी चालेल म्हटलं होतं.

पैसे वसूल झाले का? माझे झाले. हाताला कसलीच हत्यारं माहीत नसतील तर आधी एखाद्या सुताराकडे आठवडाभर पटाशी आणि रंधा धरायला शिका, नाहीतर पहिले चार दिवस धार लावण्यातच जातील. जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, आणि फी भरण्याआधी वीज गेल्यावर यंत्र कशावर चालतं ते विचारा. मी येत्या जानेवारीत पुन्हा जाणार आहे. त्यासाठी शिसवीच्या दोन फळ्या आणून दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवल्या आहेत, म्हणजे तोवर त्यांना इथली हवा मानवेल.