रिफंड घ्यावा की दुसरं विमान?
विमान रद्द झाल्याचा मेसेज आला की बोट आधी ‘रिफंड’वरच जातं. जरा थांबा. पैसे परत घेतले की पोचवायची जबाबदारी संपली. युरोपियन युनियनच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाने ताटकळताना मिळणारं जेवण आणि हॉटेलही बंद. वर ऐनवेळचं महागडं तिकीट आपल्याच खिशातून. दुसऱ्या विमानात वेळ मोडतो, पण पोचवणं कंपनीच्याच गळ्यात राहतं. जाणं भागच असेल तर माझं मत यालाच. कार्यक्रमच हुकला असेल तर खुशाल रिफंड घ्या. व्हाउचर मात्र नको, मुदत संपली की गेलं.

विमा? कंपनीने परत केलेले पैसे तो पुन्हा देत नाही. बुडालेलं हॉटेलभाडं पॉलिसीत बसलं तर मिळतं. त्यासाठी रद्द झाल्याचं कारणासकट लेखी पत्र काउंटरवरच मागून घ्या.