फिक्या क्वेसारसाठी चंद्रा की एक्सएमएम-न्यूटन?
दोन्ही अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणी, दोन्ही १९९९ च्याच, पण स्वभाव अगदी वेगळे. पीएचएल १८११ सारखा क्वेसार (महाकाय कृष्णविवराभोवतालच्या तप्त वायूमुळे तळपणारं दूरच्या दीर्घिकेचं केंद्र) घ्या, साध्या प्रकाशात झगझगीत आणि एक्स-रेमध्ये मात्र एवढा फिका की वाटतं कुणीतरी दिवाच बारीक केलाय. असला क्वेसार नुसता सापडायचा असेल तर माझं मत सरळ चंद्राला, कारण तिची नजर अर्ध्या आर्कसेकंदाची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), त्या टिचभर जागेत बॅकग्राउंड, म्हणजे इतर फालतू सिग्नल, जवळपास शून्य, त्यामुळे चार-पाच फोटॉन (प्रकाशकण) आले तरी 'आहे बाबा इथे काहीतरी' असं छातीठोक सांगता येतं. एक्सएमएममध्ये तेच चार फोटॉन गर्दीत हरवतात, वर प्रोटॉनचे झटके (अवकाशातले प्रोटॉन कॅमेऱ्यावर आदळून होणारा गोंधळ) आले की निरीक्षणाचा बराच वेळ कापून फेकावा लागतो (जीव जळतो अक्षरशः).

पण स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले याचा आलेख, हवाय? मग एक्सएमएमच, तिच्या तीन दुर्बिणी, प्रत्येकीत ५८ आरसे, फोटॉन भरपूर. क्वेसार मुळातच फिका आहे की मध्ये वायूचा पडदा आहे हे स्पेक्ट्रमशिवाय कळणार कसं? शिवाय चंद्राच्या कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं थर साचलाय, कमी ऊर्जेचे एक्स-रे त्यातच अडकतात. पडदा फारच जाड असेल तर मात्र दोघींनाही जमत नाही, तिथे जास्त ऊर्जेचे एक्स-रे पाहणारी नूस्टार दुर्बीणच.