पगार खात्यात पुरता आला, हातात नाही

सप्टेंबर २०२३ मध्ये मी शेफ म्हणून इंग्लंडला आलो. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी तेव्हा वर्षाला किमान २६,२०० पौंड पगार लागायचा. माझ्या सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपवर, म्हणजे व्हिसासाठी मालकाने द्यायच्या नोकरीच्या दाखल्यावर, नेमका तोच आकडा होता, एक पौंड कमी नाही की जास्त नाही. तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

बिनडोकपणे आलो असंही नाही. परवानाधारक स्पॉन्सरांची, म्हणजे परदेशी कामगार आणायचा परवाना असलेल्या मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. ती काढून पाहिली, मालकाच्या कंपनीचं नाव त्यात होतं, मी निर्धास्त झालो. यादीवरून कंपनीकडे परवाना आहे एवढंच कळतं. नोकरी खरी आहे का, पगार खरंच देणार का, हे त्यात कुठेच नसतं.

एजंटने सर्टिफिकेटचे म्हणून चौदा लाख घेतले. "दादा, तिकडे दोन वर्षांत सुटतील," म्हणाला. त्या सर्टिफिकेटची सरकारी फी तेव्हा १९९ पौंड होती, हे मला इथे आल्यावर कळलं. शिवाय ते छापील सर्टिफिकेट नसतंच. संगणकातली एक नोंद आणि तिचा क्रमांक, बस. परदेशी कामगार आणताना मालकाने सरकारला भरायचा इमिग्रेशन स्किल्स चार्ज कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. माझ्या चौदा लाखांत तोही होता, असं एजंटने नंतर एकदा बोलता बोलता कबूल केलं.

पहिला पगार खात्यात आला, कर कापून साधारण अठराशे पौंड. घरी फोन केला, आईला आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी मालकाने मागच्या खोलीत बोलावलं. "शेफ, सातशे रोख आणून द्यायचे. सगळेच देतात." वर एका कागदावर सही घेतली. मी त्याच्याकडून उचल घेतली असून ती फेडतो आहे, असं त्यात लिहिलेलं. उचल कसली? एक पेनीसुद्धा घेतली नव्हती.

या युक्तीतली मेख इथेच आहे. होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिथल्या गृहखात्याला, मालकाने कळवलेला पगार आणि कर खात्याकडे गेलेले आकडे ताडून बघता येतात. माझ्या बाबतीत ते तंतोतंत जुळत होते. सॅलरी स्लिप चोख, पी-६० (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद) चोख, बँकेचं स्टेटमेंट चोख. लबाडी एटीएमच्या पुढे सुरू होत होती, आणि तिथे बघणारं कुणी नव्हतं. कर मात्र मी पूर्ण २६,२०० वर भरत होतो! वर्षाला ८,४०० पौंड परत गेले की उरले १७,८००, तेही कागदावरच्या साडेसदतीस तासांऐवजी आठवड्याला साठ तास राबून. हिशेब केला तर तासाला सहा पौंडही पडत नव्हते. किमान वेतन तेव्हा १०.४२ होतं, पुढे एप्रिल २०२४ पासून ११.४४ झालं.

तेरा महिने दिले. का दिले, हे घरचे अजून विचारतात. मालक एकच वाक्य म्हणायचा, "स्पॉन्सरशिप काढून घेतली तर?" आणि माझ्या डोळ्यांपुढे चौदा लाखांचं कर्ज उभं राहायचं. त्यातच एप्रिल २०२४ मध्ये नव्याने येणाऱ्यांसाठीची मर्यादा ३८,७०० वर गेली. आता तुला दुसरीकडे कोण घेणार, हे त्याने मला पुन्हा पुन्हा ऐकवलं. ते अर्धसत्य होतं. आधीपासून या व्हिसावर असलेल्यांना नोकरी बदलताना तेव्हा २९,००० पुरत होते. हे मला वकिलाकडून कळलं, तेही पार उशिरा.

शेवटी बाहेर पडलो तो स्वतःच्या हिमतीने नाही. कुणीतरी तक्रार केली, तपासणी झाली आणि कंपनीचा परवाना रद्द झाला. मला पत्र आलं: साठ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. एक्कावन्नाव्या दिवशी दुसऱ्या स्वयंपाकघरातून होकार आला.

त्या दिवसांत एक गोष्ट मात्र कामाला आली. दर महिन्याला एकाच तारखेला काढलेले सातशे पौंड स्टेटमेंटमध्ये स्पष्ट दिसत होते, आणि "आणलेस का?" असे मालकाचे व्हॉट्सअॅप मेसेज मी पुसले नव्हते. कुणी पगारातला भाग रोख परत मागत असेल तर हे दोन्ही जपून ठेवा, आणि उचलीच्या कागदावर सही करू नका. त्या सहीमुळे पैसे परत मिळवण्याचा माझा दावा अजून अडकून पडला आहे. शिवाय दाव्याची मुदत तेव्हा तीन महिन्यांना एक दिवस कमी इतकीच होती, त्यामुळे जुन्या हप्त्यांवरूनही वाद आहे. नोकरीतल्या तक्रारींवर सल्ला देणाऱ्या एकॅस (Acas) या सार्वजनिक संस्थेच्या हेल्पलाइनवर सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. मी तिथे पहिल्याच महिन्यात फोन करायला हवा होता.

एजंटकडे पावती मागितली तेव्हा त्याने ती लगेच पाठवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'इंग्रजी संभाषण प्रशिक्षण शुल्क'.