हौशी नाट्यसंस्थेसाठी पीआर (प्रसिद्धीचं काम करणारी) एजन्सी घेतली, सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव (सोलापूर)

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. आमची संस्था सोलापूरची, हौशी, मी निर्मितीची बाजू बघते म्हणजे पैसे, बुकिंग, परवानग्या सगळं. एजन्सी पुण्याची, फक्त नाटक, गाणं, चित्रप्रदर्शन असलीच कामं घेते, पाच-सहा माणसंच आहेत तिथं. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे. आणि खरं सांगायचं तर एजन्सी कोणती यापेक्षा तुमचं काम तिथला कोण माणूस बघणार हे जास्त महत्त्वाचं आहे, पैसे आपण ऑफिसला देतो पण काम एकजणच करत असतो.

आमचं नाटक 1930 च्या मार्शल लॉ वरचं. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, सोलापुरात लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, 12 मे ला लष्करी कायदा लागला आणि पुढच्या वर्षी 12 जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिली. इथल्या माणसाला हे नव्यानं सांगायला लागत नाही, चार पुतळे रोज बघतो आपण. पण "इतिहासावरचं नाटक" म्हणलं की शाळेच्या गॅदरिंगचं असेल असं वाटून लोक येत नाहीत, ही आमची खरी अडचण होती.

आमच्याकडं जो मुलगा दिला होता तो सोलापूरचाच, पूर्व भागातला, घरात तेलुगू, शिक्षण मराठीत. आल्या आल्या त्यानं ब्रोशर वगैरे काही मागितलं नाही, तालमीला येऊन कोपऱ्यात बसला, दोन-तीन संध्याकाळी पूर्ण बसला आणि मग एकेकाला विचारत गेला की तुम्ही दिवसा काय करता. आमच्यात कुर्बान हुसेन करणारा पोरगा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे, शिफ्ट संपली की थेट तालमीला येतो. कुर्बान हुसेन स्वतः गिरणी कामगारांत काम करायचे, वर्तमानपत्र चालवायचे. एजन्सीच्या मुलानं एवढंच धरून दीड पानाचा मजकूर लिहिला, मागावरचा कामगार स्टेजवर कामगारांचा पुढारी होतो असा, आणि तो पुरवणीत चांगला मोठा लागला. आम्ही वर्षानुवर्षं ज्या प्रेसनोट पाठवायचो त्यात अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रास्ताविक, आभार एवढंच असायचं. नाटकात काम करणारी माणसं बातमी होऊ शकतात हे मला त्याच्यामुळं कळलं आणि या एका गोष्टीसाठी मी त्याची कायम ऋणी राहीन.

दुसरं तारखेचं. आमच्या सगळ्यांच्या मनात पहिला प्रयोग 12 जानेवारीलाच हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात करायचा असं होतं. तो म्हणला ताई, बाकी काहीही करा पण हे करू नका. का तर त्याच दिवसांत सिद्धेश्वर यात्रा, 68 लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम, सगळं गाव नंदीध्वजांबरोबर रस्त्यावर असतं आणि शहराची पानं त्या आठवड्यात यात्रेनं भरलेली असतात, तिथं नाटकाला चार ओळी पण मिळणार नाहीत. त्यानं असं केलं की चौघांवरचा लेख यात्रेच्या आधीच्या रविवारी छापून आणला, हुतात्मा दिनाला फक्त अभिवादन करून एक फोटो दिला, आणि प्रयोग ठेवला गड्डा म्हणजे यात्रेची जत्रा उठायच्या सुमाराला, महिनाअखेरीला, लोकांचे पगार झाल्यावर. थिएटर भरलं. पूर्व भागातून एवढे लोक आमच्या नाटकाला मी आधी कधी बघितले नव्हते, कारण निमंत्रणाचा मेसेज त्यानं तेलुगूत करून तिथल्या ग्रुपवर स्वतः फिरवला होता.

बारीकसारीक गोष्टी सांगते, ज्या कुणाच्या कोटेशनमध्ये नसतात. प्रेसनोट पीडीएफ करून पाठवायची नाही, साधा युनिकोड मजकूर द्यायचा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं उचलून दुसरीकडं टाकलं की सगळी अक्षरं फुटतात आणि डेस्कवरच्या माणसाला परत टाइप करायला वेळ नसतो. फोटो मोठ्या साइझचा, मेलवर, व्हॉट्सॲपवरचा दाबलेला नको. फोटोओळीत डावीकडून सगळी नावं, शुद्धलेखन तपासून. तालुक्याची पानं शहराच्या आधी सुटतात म्हणून बार्शी, पंढरपूरकडं बातमी यायला हवी असेल तर मजकूर दुपारीच पोचला पाहिजे. आणि फोन संध्याकाळी अजिबात करायचा नाही, पानं लावायच्या वेळेला केलेला फोन म्हणजे पुढच्या वेळचं दार बंद.

एजन्सीच्या मालकीणबाई पूर्वी पेपरात सांस्कृतिक पानाचं काम बघायच्या. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटला. एका ठिकाणाहून पॅकेज आलं होतं की एवढे पैसे द्या, बातमी म्हणूनच छापू, जाहिरात असं लिहिणार नाही. आमच्यातले काही जण तयार पण होते, मॅडमनी स्पष्ट सांगितलं की जाहिरात करायची तर जाहिरात म्हणून करू, हे मी करणार नाही, आणि तुम्हाला करायचंच असेल तर आमचं नाव त्यात नको. हौशी संस्थेच्या बाजूनं इतकं ठाम कुणी उभं राहिलेलं मी बघितलं नव्हतं.

आता तक्रार. साधारण पाच महिन्यांनी तो मुलगा दुसऱ्या क्लायंटवर गेला. आम्हाला कुणी सांगितलं नाही, एक दिवस वेगळ्याच नंबरवरून प्रेसनोट मंजुरीला आली. त्यात चौघांना मुंबईत फाशी दिली असं लिहिलेलं आणि सुरुवात चादर आणि शेंगा चटणीच्या शहरात अशी. चादर, चटणी आमचीच आहे, अभिमानच आहे, पण फाशी गेलेल्या माणसांवरच्या मजकुराची सुरुवात तशी होते का. मी ती थांबवली म्हणून बरं, छापून आली असती तर हुतात्म्यांच्या घरच्यांना तोंड कसं दाखवलं असतं आम्ही. नंतरच्या प्रयोगाच्या बातम्या आल्या, नाही असं नाही, पण सगळीकडं एकसारखा मजकूर आणि थिएटर अर्धं. महिन्याच्या रिपोर्टमध्ये मात्र नवीन एक रकाना सुरू झाला, कात्रणाची जागा मोजून जाहिरातीच्या दरानं तिची किंमत किती होते ते. आकडा बघून छान वाटतं, पण पीआरवाल्यांच्याच जगभरच्या संघटनांनी 2010 ला बार्सिलोनात ठरवलंय की हे मोजमाप धरायचं नाही. मी मॅडमना फोन करून सांगितलं की आम्हाला त्याऐवजी तिकीट खिडकीवर विचारून लिहा, कोण कुठं वाचून आलं. त्यांनी ऐकलं आणि रकाना काढला, त्या मुलाला पण आमच्या पुढच्या प्रयोगाला परत दिला.

फीचं म्हणाल तर दर महिन्याचं रिटेनर, म्हणजे काम असो नसो ठरलेली फी, छोट्या संस्थेनं घेऊ नये असं माझं मत आहे, मधले दोन महिने आमचं काहीच काम नव्हतं तरी पैसे गेले आणि त्यात आमचं नेपथ्य झालं असतं. प्रयोगापुरतं काम द्या. करारात काम बघणाऱ्या माणसाचं नाव घाला, तो बदलला तर आधी कळवायचं असं लिहून घ्या, आणि त्यानं निदान एक तालीम पूर्ण बघायची ही अट घाला. आम्ही नव्या करारात तिन्ही गोष्टी घातल्या, मॅडमनी काही न बोलता सही केली.

एक उणीव अजून आहे. पुढचा प्रयोग अक्कलकोटला करायचाय आणि तिकडं कन्नड बोलणारे लोक खूप, एजन्सीत कन्नड लिहिणारं कुणी नाही. कुणाच्या ओळखीत मराठी-कन्नड दोन्ही नीट लिहिणारं, नाटकाची आवड असलेलं कुणी असेल तर मला कळवा, मानधन देऊ.